आकडा कुणाचा

थोरवत सर रिपोर्ट हातात नाचवत लॅबच्या दारात उभे होते आणि त्यांचा आवाज पार बाळंतिणींच्या वॉर्डापर्यंत जात होता. सर हायस्कुलात कवायत शिकवायचे. बढतीसाठी वैद्यकीय दाखला हवा होता, म्हणून सकाळी येऊन रक्त देऊन गेले होते.

"अहो, मी रोज पहाटे चार मैल पळतो. आत्ता घरी दोन भाकऱ्या हाणून आलोय. आणि तुम्ही म्हणता मला कावीळ झालीय?"

"मी नाही म्हणत सर, मशीन म्हणतंय," मी म्हणालो. "तेवीस पॉइंट एक. एकच्या आत पाहिजे."

"मशीन चुकत नाही का कधी?"

"चुकतात ती माणसं, सर. मशीनला ना कंटाळा येतो, ना डुलकी लागते."

हे वाक्य मी त्या आठ-दहा दिवसांत किमान दहा जणांना ऐकवलं होतं. आज पंचवीस वर्षांनी ते आठवलं की कानशिलं तापतात.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीनं मला या तालुक्याच्या गावी धाडलं होतं. इथल्या धर्मादाय दवाखान्यात रक्त तपासायचं एक मशीन होतं. जुनं, पण खणखणीत. त्याच्या पाठीमागे एक सिरियल पोर्ट होता, आजवर कुणी न वापरलेला. मी तिथे केबल लावली, दुसरं टोक कॉम्प्युटरला जोडलं आणि दोघांना बोलतं केलं. कॉम्प्युटर केबलमधून हुकूम सोडायचा, 'पुढची नळी घे.' मशीनचा हात नळीत बुडायचा, थेंब उचलायचा, मशीन तो तपासायचं आणि त्याच केबलमधून उत्तर पाठवायचं. उत्तर म्हणजे नुसता एक आकडा. नाव नाही, गाव नाही. कुणाचा आकडा ते माझ्या प्रोग्रामनं आपल्या यादीत बघून लावायचं.

गावात काविळीची साथ होती, दिवसाला चाळीस-चाळीस नमुने यायचे. पूर्वी लॅबच्या चांदोरकरबाई एकेक नळी खिडकीशी धरून बघायच्या, हातानं तपासायच्या आणि वहीत लिहायच्या. विश्वस्तांना मी पटवून दिलं होतं की यात निम्मा दिवस फुकट जातो. आठ दिवस चाचणी झाली आणि सर आले त्याच सोमवारी सकाळी पहिल्यांदा वही बंद करून सगळं मशीनच्या हवाली केलं. माझी छाती इंचभर फुगलेली होती.

"बघू," चांदोरकरबाई म्हणाल्या. त्यांनी सरांच्या हातातला कागद वाचला, रॅकमधली तेरा नंबरची नळी काढली आणि खिडकीशी नेली. पन्नाशीच्या, चष्म्याला दोरी लावणाऱ्या या बाई फारशा बोलत नसत.

"बेडकिहाळ, जरा इकडे या."

मी गेलो. नळीत रक्त खाली बसलं होतं आणि वर ताकाच्या निवळीसारखा फिकट द्रव तरंगत होता.

"तेवीस असतं तर हे हळदीच्या पाण्यासारखं दिसलं असतं. सरांना काहीही झालेलं नाही."

"बाई, डोळ्यांचा काय भरवसा..." मी म्हणायला लागलो.

बाई रॅककडे वळल्या होत्या. त्यांनी बारा नंबरची नळी उचलली. इवलीशी नळी होती, नवजात बाळांच्या रक्तासाठी असते तशी. तिच्यातला द्रव गडद पिवळा होता. नळीवर चिठ्ठी होती, 'नंदा खिलारे हिचे बाळ'.

"याचा काय आकडा दिला मशीननं?"

मी पडद्यावर पाहिलं. "पाच पॉइंट आठ."

"आणि अकरा नंबरचा?"

अकरा नंबरला एका शेतमजुराचं रक्त होतं. मी पडद्यावर बोट ठेवून वाचलं आणि नऊ पॉइंट दोन म्हणायच्या आधीच मला कळून चुकलं की आकडे एकेक घर पुढे सरकलेत. मी वर वर जात राहिलो. दहा, नऊ, आठ. सात आणि आठ या दोघांचा आकडा हुबेहूब एकच होता.

सात नंबरच्या वेळी मशीनला उत्तर द्यायला उशीर झाला होता. माझ्या प्रोग्रामनं ठरलेले सेकंद वाट पाहिली आणि तोच हुकूम पुन्हा सोडला. मशीन बिचारं आज्ञाधारक. त्यानं आधीचंही उत्तर पाठवलं आणि पुन्हा तपासून दुसरंही पाठवलं. एक सातला लागलं. दुसरं केबलच्या तोंडाशी पडून राहिलं आणि आठ नंबरचं नाव पुकारल्याबरोबर ते पुढे आलं. आठचं नऊला गेलं, नऊचं दहाला. तिथून पुढे प्रत्येक माणसाला त्याच्या आधीच्याचा आकडा मिळत गेला होता. सरांचे तेवीस हे सरांचे नव्हतेच.

"म्हणजे तेवीस त्या बाळाचे," बाई म्हणाल्या.

"हो."

"असं आधी कधी झालं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हातानं तपासायची जुनी पेटी पुढे ओढली. बाळाच्या नळीत अजून चार थेंब होते. दहा मिनिटं लागतात त्या तपासणीला. ती दहा मिनिटं मी घड्याळाकडे बघत उभा होतो, आणि थोरवत सर दारात तसेच.

"सव्वातेवीस," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदसुद्धा घेतला नाही, तशाच धावत सुटल्या. त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

डॉक्टर मिराशी लहान मुलांच्या वॉर्डात होत्या. आकडा ऐकून त्यांचा हात स्टेथोस्कोपवर थांबला.

"कोणतं बाळ? खिलारे? त्याला तर मी अकरा वाजता घरी सोडलं!"

"कसं सोडलंत?" बाई म्हणाल्या.

"पाच पॉइंट आठवर काय ठेवून घेऊ? पिवळं दिसत होतं, पण पाचव्या दिवशी सगळीच थोडी पिवळी दिसतात. आईचा गट ओ, बाळाचा बी, अशा बाळांची कावीळ भराभर चढते, म्हणून तर मुद्दाम रक्त पाठवलं होतं." त्या माझ्याकडे वळल्या. "तेवीस म्हणजे काय, माहितीय तुम्हाला? हे मेंदूत उतरतं. मग मूल ऐकत नाही, मान धरत नाही. आज रक्त बदललं तर वाचेल. उद्या बदलून उपयोग नाही."

पावणेबारा झाले होते. डॉक्टरांनी केसपेपर मागवला. पत्ता होता, मुक्काम पोस्ट खैरमाळ. चौदा किलोमीटर. नर्सला बसवून जीप तडक खैरमाळला पिटाळली. जीप फाटकाबाहेर पडली तेव्हा माझ्या जिवात जरा जीव आला. तासाभरात बाळ परत येईल, असा हिशोब मी मनात मांडला.

एवढ्यात वॉर्डातल्या आया हौसाबाई ओल्या हातांनी पुढे आल्या. बाळांना अंघोळ घालायचं काम त्यांचं.

"जीप खैरमाळला धाडली? तिथं काय मिळणार तुमास्नी?"

"पत्ता तोच आहे," मी म्हणालो.

"पत्ता नवऱ्याचा असतोय वो. पोरीची पैली खेप हाय. पैल्या खेपंला पोरगी आईकडं जाईल का सासूकडं?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. डॉक्टर, बाई, मी. शिकलीसवरलेली तीन माणसं. चांदोरकरबाईंनी कपाळावर हात मारला. "माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली आणि मला सुचलं नाही!"

"माहेर कुठलं तिचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"निंबवाडी. तिची आई बोलत हुती. आज पाचवी हाय, सांच्याच्या आत घरी पोचायचं म्हणून सकाळपासनं घाई लावली हुती तिनं. बारा-धाची गाडी धरनार हुते."

निंबवाडीला फोन नव्हता. जीप परत बोलवायची सोय नव्हती. बारा-दहाची गाडी सुटली की सगळं संपलं. डोंगरापलीकडचं गाव, पायवाट धरून अर्धा तास चालायचं. मी कंपाउंडरची लूना मागितली नाही, त्याच्या खिशातून किल्लीच काढून घेतली.

लूना ही गाडी माणसाला घाई असताना बनवलेली नाही. बाजाराच्या चढावर ती दम टाकू लागली तशी मी पायडल मारत निघालो. घाम डोळ्यांत जात होता. मनात एकच चाललं होतं. मी ते बाळ पाहिलेलंच नव्हतं. त्याच्या आईलाही नाही. माझ्यासाठी ते रांगेतलं बारावं होतं. गाडीत चढलो तरी ओळखणार कुणाला?

स्टँडवर पोचलो तेव्हा निंबवाडीची गाडी मागे घेत होते. मी लूना तशीच आडवी टाकली आणि दाराचा दांडा धरून लटकलो.

"ओ पाव्हणं, मरायचंय का?" कंडक्टर ओरडला.

"नंदा खिलारे! गाडीत नंदा खिलारे कोण आहे?"

गाडी खचाखच भरलेली. मी पुन्हा ओरडलो. मग मागच्या बाजूनं एका बाईचा आवाज आला, "कोन पायजे? कशापायी?"

साठीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली, काटक बाई होती. तिच्या शेजारी खिडकीशी वीसएक वर्षांची पोर बसली होती, कान बांधलेली, मांडीवर गोधडीचं गाठोडं.

"मी दवाखान्यातून आलोय. डॉक्टरांनी परत बोलावलंय. बाळाला पुन्हा तपासायचंय."

"तपासलं की सकाळी! रिपोट चांगला आला म्हणून तर सोडलं."

"पुन्हा बघायला हवंय, मावशी. लगेच."

"आज पाचवी हाय लेकराची. सांच्याला सटवाई यायची घरी, कपाळी लिवायला. दवाखान्यात कुठं हुडकंल ती आमाला? उद्या येतू."

"उद्या नाही चालणार."

"का न्हाई चालनार?"

हा प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. माझ्या तोंडून फुटलं नाही. कंडक्टर घड्याळ दाखवत होता, माणसं कुरकुरत होती, आणि मी नुसता "चला मावशी, चला" म्हणत राहिलो. बाई जागेवरून हलेना.

मग ती पोर खालच्या आवाजात म्हणाली, "आई, दूध वडंना झालंय ते. सकाळपासनं नुसतं निजून हाय."

मला त्याचा अर्थ कळला नाही, पण कंडक्टरला कळला. त्यानं पुढे होऊन गोधडीत डोकावलं आणि खाडकन घंटीची दोरी ओढली. "मावशी, उतरा. मला तीन पोरं हायती. दूध न वडनारं लेकरू घिऊन डोंगरात जायचं नसतंय. उतरा म्हनतो ना!"

रिक्षात मी पुढे बसलो होतो. मागे वळून पाहायचा धीर झाला नाही. बाळ एकदाही रडलं नाही. ते रडावं म्हणून मी देवाला हात जोडत होतो.

डॉक्टर मिराशींनी दुपारी एकपासून साडेतीनपर्यंत बाळाचं रक्त बदललं. एका बाजूनं चमचाभर काढायचं, तेवढंच दुसऱ्या बाजूनं घालायचं. दाराच्या काचेतून मला फक्त त्यांची पाठ दिसायची. लॅबमध्ये चांदोरकरबाई सकाळचे सगळे नमुने हातानं पुन्हा तपासत होत्या, आणि गेलेले रिपोर्ट परत आणायला कंपाउंडर घरोघर फिरत होता. थोरवत सर स्वतः होऊन त्याच्याबरोबर गेले होते. मला कुणी काही काम सांगत नव्हतं.

साडेतीनला डॉक्टर बाहेर आल्या. "हातपाय हलवायला लागलंय. वेळेत मिळालं. आता चार दिवस नजर ठेवायची."

व्हरांड्यात जमिनीवर बसलेली ती आजी उठली. तिचं नाव कोंडाबाई, हे मला एव्हाना कळलं होतं. ती सरळ माझ्यापाशी आली आणि मी मागे सरकायच्या आत तिनं माझे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले.

"हौसाबाय म्हनली, त्या नव्या मशीनचं सायेब तुमीच. त्या मशीननं धरलं म्हनून लेकरू गावलं. न्हाईतर म्या खुळी त्याला डोंगरात घिऊन चालली हुती. देव तुमचं भलं करू."

डॉक्टर थकून खुर्चीत बसल्या होत्या. चांदोरकरबाई नवे रिपोर्ट घेऊन नुकत्याच आल्या होत्या. दोघींनी ऐकलं. बाई हातातले रिपोर्ट चाळू लागल्या. हात कपाळावरून काढून घेतले असते आणि "बसा, मावशी" म्हटलं असतं, तर तिथेच सगळं मिटलं असतं. मला ते फार हवंहवंसं वाटलं, हे मी कबूल करतो.

"मावशी," मी म्हणालो, "मशीननं धरलं नाही. मशीननंच चुकीचा आकडा दिला. बाळाचा आकडा दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा बाळाला. म्हणून तुम्हाला घरी सोडलं. धरलं ते या बाईंनी, डोळ्यानं बघून."

तिनं माझे हात सोडले.

"मशीन कुनी चालिवलं?"

"मी."

"मंग तुमाला ठावं नव्हतं हुय, ते असं करतंय म्हनून?"

"ठाऊक होतं," मी म्हणालो. "गेल्या गुरुवारी चाचणीत एकदा असंच झालं होतं. मी केबल काढून परत लावली, नीट चालायला लागलं. का झालं ते शोधलं नाही. सोमवारी सुरू करायचं होतं. कुणाला सांगितलं नाही."

"मला सकाळी 'नाही' म्हणालास," चांदोरकरबाई म्हणाल्या. त्या मला नेहमी अहोजाहो करायच्या.

कोंडाबाई माझ्याकडे बघत राहिली. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"जायाचं न्हाई तू हितनं," ती शेवटी म्हणाली. "माजं लेकरू हितं हाय तवर थांबायचं. जवा जवा रगत तपासतील, तवा आकडा मला तू सांगायचा. तुज्या तोंडानं. दुसऱ्या कुनाच्या न्हाई."

मी थांबलो. मशीन बंद झालं, वही पुन्हा उघडली. बाई हातानं तपासायच्या आणि मी त्यांच्याशेजारी बसून नावं मोठ्यानं वाचायचो, नळीवरचं आणि वहीतलं. संध्याकाळी बाळाचा आकडा बारा आला. मी वॉर्डात जाऊन कोंडाबाईला सांगितला. तिनं एवढंच विचारलं, "ह्यो आकडा आमच्याच लेकराचा न्हवं?"

"तुमच्याच," मी म्हणालो आणि परत लॅबमध्ये जाऊन पुन्हा एकदा नळी बघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा पंधरावर चढला. ते सांगायला जायच्या आधी मी नळीवरची चिठ्ठी पुन्हा दोनदा वाचली. रक्त बदलल्यावर थोडा चढतोच, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, पण ते तिला कसं सांगायचं? आकडा वाढल्याचं ऐकून नंदानं पदर तोंडाला लावला. कोंडाबाईनं तेच विचारलं, "आमच्याच लेकराचा न्हवं?" मी हो म्हणालो. खोटा निघावा अशी त्या वेळी माझीच इच्छा होती. दुपारी पुन्हा पंधरा. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, तशाच सुरात. संध्याकाळी तेरा.

माझं पुढे जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी सगळं लेखी मागितलं, मी गुरुवारसकट लिहून दिलं आणि पंधरा दिवसांत कंपनीनं माझ्या हातावर नारळ ठेवला. त्याबद्दल तक्रार नाही. दोष कुठे होता तोही त्याच आठवड्यात सापडला. नवा हुकूम सोडायच्या आधी केबलच्या तोंडाशी उरलेलं सगळं रिकामं करायचं, एवढंच. दोन ओळींचं काम. गुरुवारी अर्धा तास बसलो असतो तर झालं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी आकडा नऊ आला. उन्हाचा पट्टा वॉर्डाच्या फरशीवर पडला होता. नंदा बाळाला पाजत होती. ते चुटुचुटु ओढत होतं आणि मधेच थांबून रागानं मूठ हलवत होतं.

"नऊ," मी कोंडाबाईला म्हणालो. "डॉक्टर म्हणतात, परवा घरी."

"बरं," ती म्हणाली आणि दुपट्यांच्या घड्या करायला लागली.

मी तिथेच उभा राहिलो. ती विचारेल म्हणून वाट बघत होतो. तिनं सगळी दुपटी घडी करून पिशवीत भरली, वर टोपरं ठेवलं, तरी विचारलं नाही.

"काय ऱ्हायलं का?" तिनं मान वर केली.

"आकडा तुमच्याच बाळाचा आहे, मावशी," मी म्हणालो. "दोनदा तपासलाय."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "खोटा असता तर तू सांगितलं असतंस."